मागच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवावा का?

  

आजचा विषय आहे ब्रेक. आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आता स्कूटी चालवतात. आशाताई वाडीवस्तीवर जातात, सीआरपी ताई चार गावांच्या बैठका करतात, कुणी डेअरीला दूध घालते, कुणी आठवडी बाजाराला भाजी नेते. गाडी घेताना आपण रंग बघतो, अ‍ॅव्हरेज विचारतो, कर्जाचा हप्ता मोजतो. ब्रेक मात्र लागेपर्यंत आठवत नाही, आणि ज्या दिवशी लागत नाही त्या दिवशी विचार करायला वेळ उरत नाही.

हा विषय निघाला तो गटाच्या मासिक बैठकीत. आमच्या एका सभासद ताईंनी अंतर्गत कर्जाचा अर्ज दिला. जुनी ११० सीसीची स्कूटी, मागं दुधाचे दोन कॅन आणि रोजचा वाडीचा उतार. मागचा ब्रेक नीट लागत नव्हता. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, "ड्रम काढून टाका, मागं डिस्क बसवून देतो." त्यांच्या मुलानं मोबाईलवर व्हिडिओही दाखवला. अमेरिकेतल्या जुन्या मोटारींना लोक मागं डिस्क ब्रेक बसवतात, मग आपल्या गाडीला का नको, असं त्याचं म्हणणं. खर्च होता आमच्या बारा जणींच्या गटाच्या चार महिन्यांच्या बचतीएवढा. पैसा सगळ्यांचा आणि जीव त्या ताईंचा, म्हणून आम्ही घाईनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आधी समजून घ्यायचं ठरवलं. जे समजलं ते आज तुमच्यापुढं मांडतो.

ब्रेक काय करतो?

विहिरीतून भरलेली बादली ओढताना दोर हातातून सटकला तर आपण तो घट्ट धरतो. बादली थांबते, पण तळहात भाजतात. ब्रेकचं कामही तसंच आहे. पळणाऱ्या गाडीतली ताकद घासून घासून उष्णतेत बदलायची, म्हणजे गाडी थांबते. म्हणून ब्रेक लावला की तो तापणारच.

आता वेगाचा हिशोब बघा. वेग दुप्पट झाला की थांबवायची ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते. सुका डांबरी रस्ता, ब्रेक ठीकठाक आणि गाडी ताशी ३० किलोमीटरवर असेल, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत साधारण ७ मीटर जातात. तीच गाडी ६० वर असेल तर साधारण २८ मीटर. शिवाय समोर शेळी आडवी आली हे दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. त्या सेकंदात ३० च्या वेगानं गाडी ८ मीटर पुढं जाते, ६० च्या वेगानं १६ ते १७ मीटर. दोन्ही मिळून ३० ला १५ मीटर आणि ६० ला ४५ मीटर झाले. कुठलाही ब्रेक बसवा, हा हिशोब चुकत नाही.

ड्रम आणि डिस्क यांत फरक काय?

ड्रम ब्रेक म्हणजे चाकाच्या मधोमध असलेला एक बंद डबा. तो चाकाबरोबर फिरतो. आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन तुकडे असतात, त्यांना आपल्याकडं लायनर किंवा ब्रेक शू म्हणतात. मूठ दाबली की तार ओढली जाते, लायनर बाहेरच्या बाजूला फाकतात आणि डब्याला आतून घासतात.

डिस्क ब्रेकमध्ये डबा नसतो. चाकाबरोबर एक पोलादी ताटली उघड्यावर फिरते. चिमट्यात भाकरी धरावी तसे दोन पॅड ती ताटली दोन्ही बाजूंनी धरतात. पॅड ज्यात बसतात त्याला कॅलिपर म्हणतात. डिस्क ब्रेकमध्ये बहुधा तार नसते. नळीतल्या ब्रेक ऑइलचा दाब पॅड ढकलतो.

डिस्क उघडी असते म्हणून लवकर थंड होते. पाणी लागलं तर लगेच झटकलं जातं. पॅड किती उरलेत ते चाक न काढता दिसतं. ड्रम बंद असल्यामुळं उष्णता आत कोंडते. लांबच्या उतारावर सारखा ब्रेक धरून ठेवला तर ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड कमी होते आणि मूठ दाबूनही गाडी थांबेना होते. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली आणि ड्रममध्ये पाणी शिरलं, तर थोडा वेळ ब्रेक ढिला पडतो.

पण ड्रमचेही गुण आहेत. तो स्वस्त असतो, चिखलधुळीपासून झाकलेला राहतो आणि गावातल्या गॅरेजमध्येही दुरुस्त होतो. शिवाय फिरणारा ड्रम पुढच्या लायनरला आपल्याबरोबर आत ओढून घेतो, त्यामुळं हाताला जोर कमी लागतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मग कारखाना मागं ड्रमच का ठेवतो?

एसटीत उभ्यानं प्रवास करताना ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की आपण पुढं ढकलले जातो. गाडीचं वजनही तसंच पुढं जातं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. दाबलेल्या चाकाची पकड जास्त, हलक्याची कमी. म्हणून जोरात थांबताना बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, ढोबळमानानं दोन तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त.

मागचं चाक हलकं झालेलं असताना त्याला गरजेपेक्षा जास्त ब्रेक लागला तर ते फिरायचं थांबतं आणि घसरत जातं. पावसाळ्यात, खडीवर किंवा रस्त्यावर सांडलेल्या भुशावर मागचा भाग बाजूला सरकून पडलेल्या कितीतरी जणी आपल्याला माहीत आहेत.

आता मुख्य मुद्दा. गाडी शेवटी थांबवतो तो रस्त्याला टेकलेला टायर. चांगल्या स्थितीतला ड्रम ब्रेकही मागचं चाक जागच्या जागी जाम करू शकतो. जाम करण्याच्या पुढं ब्रेकला काही काम उरतच नाही. म्हणजे नुसती मागं डिस्क बसवली म्हणून एकदा अचानक थांबायचं अंतर फारसं कमी होत नाही. डिस्कचा फायदा दिसतो तो पुन्हापुन्हा ब्रेक लावताना, लांबच्या उतारावर आणि पाण्यात.

अमेरिकेतल्या त्या मोटारींचं काय?

मुलानं दाखवलेला व्हिडिओ खोटा नव्हता. १९६० च्या दशकात अमेरिकेत मोठ्या इंजिनाच्या, सुसाट पळणाऱ्या मोटारी निघाल्या. त्यांना मसल कार म्हणतात, म्हणजे पैलवान गाडी म्हणा ना. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅक कंपनीची जीटीओ आली. तिचं इंजिन ६.४ लिटरचं, म्हणजे आपल्या ११० सीसीच्या जवळपास ५८ स्कूटींची इंजिनं एकत्र केल्याएवढं. वजन दीड टनाच्या आसपास. आणि एवढ्या धुडाला चारही चाकांना ड्रम ब्रेक! पळायला पैलवान, थांबायला मात्र कच्ची.

हळूहळू कंपन्यांनी पुढं डिस्क द्यायला सुरुवात केली. फोर्डच्या मस्टँगला १९६५ साली आणि शेव्हरोलेच्या कॅमेरोला १९६७ साली जादा पैसे भरून पुढची डिस्क घेता येत होती. मागं मात्र बहुतेक गाड्यांना ड्रमच राहिला. १९६९ च्या कॅमेरोला चारही चाकांना डिस्क मिळत होती, पण ती फार थोड्यांनी घेतली. आज या जुन्या गाड्या जपणारे हौशी लोक त्यांना मागं डिस्क बसवतात, कारण आता त्या जलद रस्त्यांवर चालवायच्या असतात.

पण व्हिडिओत दोन मिनिटांत दिसतं त्यामागं काय काय बदलावं लागतं ते बघा.

एक, पुढचं काम आधी. पुढं अजून ड्रम असेल तर जाणती माणसं आधी पुढं डिस्क बसवतात आणि मग मागचं बघतात.

दोन, पंप. ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या पंपाला मास्टर सिलिंडर म्हणतात. डिस्कच्या कॅलिपरला ड्रमपेक्षा जास्त ऑइल लागतं, त्यामुळं पुष्कळदा पंपच बदलावा लागतो. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या-मागच्या चारही चाकांना मिळून एकच कप्पा असे. एक नळी फुटली की सगळेच ब्रेक जात. म्हणून बदलताना दोन वेगळ्या कप्प्यांचा पंप घालतात.

तीन, अडवणारी झडप. ड्रमच्या नळीत थोडा दाब कायम टिकवून ठेवणारी एक झडप असते. त्यामुळं ड्रमचं काम सुरळीत चालतं. तीच झडप डिस्कला ठेवली तर पॅड सतत घासत राहतात, तापतात आणि झिजतात. ती काढावी लागते.

चार, वाटणी. पुढं किती दाब आणि मागं किती, हे ठरवणारी वेगळी झडप लागते. वाटणी चुकली की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते. म्हणून मोकळ्या जागेत, कमी वेगात तपासून मगच ती रस्त्यावर आणतात.

पाच, जोर. मघाशी सांगितलं, फिरणारा ड्रम लायनरला स्वतःच आत ओढतो. डिस्क तसं करत नाही. तिला जास्त दाब लागतो, म्हणून पायाला मदत करणारा बूस्टर लागू शकतो.

सहा, हँडब्रेक. ड्रममध्ये तो सोपा असतो. मागं डिस्क आली की हँडब्रेकची वेगळी सोय करावी लागते. नाहीतर चढावर उभी केलेली गाडी मागं घरंगळायची.

मैत्रिणींनो, यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. ब्रेक ही एक वस्तू नाही, ती एक साखळी आहे. जात्याचा एकच दगड बदलून चालत नाही, दोन्ही एकमेकांना बसावे लागतात. तसंच हे.

आपल्या स्कूटीवर हेच लागू होतं का?

होतं, आणि आपल्याकडं तीन गोष्टी आणखी आहेत.

पहिली, कॉम्बी ब्रेक. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस असणं सक्तीचं झालं. कॉम्बी ब्रेक असलेल्या स्कूटीवर डाव्या हाताची मूठ दाबली की मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही थोडा लागतो. गाडीवर सीबीएस, आयबीएस किंवा एसबीटी अशी अक्षरं असतात, ती याचीच. ही वाटणी कारखान्यानं तारेच्या मापानं बसवलेली असते. मागचा ड्रम काढून तिथं ऑइलवर चालणारी डिस्क जोडली की ही जोडणीच तुटते. म्हणजे मागं एक सुधारायला जाऊन पुढची मदत घालवायची. आमच्या ताईंची गाडी २०२० ची, म्हणजे कॉम्बीवाली. ही गोष्ट गॅरेजमध्ये कुणी त्यांना सांगितलीच नव्हती.

दुसरी, जागा. स्कूटीचं मागचं चाक थेट इंजिनाच्या धडाला बसवलेलं असतं. मागं ड्रमवाल्या गाडीत कॅलिपर धरायला कारखान्यानं जागा केलेली नसते. मग पट्टी कापून, वेल्डिंग करून ती बसवतात. सगळा जोर त्या वेल्डिंगवर येतो. ते उतारावर सुटलं तर काय होईल, हे आम्ही सांगायला नको.

तिसरी, कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं, नोंदणीतला तपशील कारखान्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. म्हणून असा कोणताही बदल करण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडं विचारावं, आणि उत्तर लेखी घ्यावं. अपघातानंतर विम्याचा दावा अडकला तर भोगावं घरच्यांनाच लागतं.

म्हणून आमचं मत असं झालं. ज्यांना मागची डिस्क हवीच आहे, त्यांनी नवी गाडी घेताना कारखान्यातूनच तशी आलेली घ्यावी. जुन्या गाडीवर हे ठिगळ लावू नये. तोच पैसा आहे तो ब्रेक पुरा नीट करण्यात घालावा.

मग त्या ताईंच्या गाडीचं काय झालं?

आम्ही दोघी-तिघी त्यांच्याबरोबर दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो आणि चाक उघडून दाखवा म्हटलं. आत बघितलं तर लायनर झिजून पातळ झालेले आणि वर तेलानं ओले. मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइलचं सील गळत होतं. ब्रेकची तार गंजून अडकत होती. टायरही गुळगुळीत. अशा गाडीला डिस्क बसवली असती तरी टायर घसरलाच असता, आणि गळणारं सील तसंच राहिलं असतं.

सील, लायनरचा जोड, तार आणि मागचा टायर, एवढं बदललं. तेलात भिजलेले लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवायचे नाहीत, ते टाकायचेच असतात. गटानं कर्ज मंजूर केलं, पण मागितलं होतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच. आता त्या दोन कॅनऐवजी एक कॅन नेतात आणि दुसरी फेरी मारतात. डिझेल-पेट्रोल महाग आहे हे खरं, पण उतारावर मागं जितकं ओझं, तितकं ब्रेकला काम जास्त.

घरच्या घरी काय बघायचं?

महिन्यातून एकदा, बैठकीच्या दिवशी, सगळ्या गाड्या अंगणात लावा आणि एवढं बघा.

डाव्या मुठीचा मोकळा खेळ बघा. मूठ थोडी हलून मग ब्रेक लागायला सुरुवात झाली पाहिजे. बहुतेक स्कूटींना मुठीच्या टोकाशी हा खेळ १० ते २० मिलिमीटर असतो, म्हणजे साधारण बोटाच्या जाडीएवढा. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतो. मूठ हँडलला टेकत असेल तर काम निघालंच म्हणून समजा.

मागच्या चाकापाशी ब्रेकच्या दांडीवर एक छोटा बाण असतो. मूठ पूर्ण दाबल्यावर तो बाण शेजारच्या खुणेशी जुळला की लायनर संपले. तार आवळून चार दिवस ढकलू नका.

पुढं डिस्क असेल तर हँडलजवळच्या डबीतल्या ब्रेक ऑइलची पातळी खालच्या रेघेच्या वर हवी. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच ऑइल घाला. इंजिन ऑइल किंवा घरचं तेल चुकूनही घालू नका, आतली रबरं फुगून ब्रेक निकामी होतो. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं. मूठ दाबल्यावर स्पंजासारखी लागली तर नळीत हवा शिरली आहे, ती काढून घ्या.

साखळी, स्टँड किंवा तार यांना तेल देताना ते ड्रमवर किंवा डिस्कवर उडू देऊ नका. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसाला घातक आहे. धूळ ओल्या फडक्यानं पुसून घ्यायला सांगा.

चालवताना

ब्रेक दोन्ही हातांनी लावा, हळूहळू दाब वाढवत. पुढच्या ब्रेकनं माणूस उलटून पडतो, या भीतीनं कितीतरी जणी तो वापरतच नाहीत आणि थांबवणारा मुख्य ब्रेक वाया घालवतात. गाडी सरळ असताना, दाब हळूहळू वाढवत लावला तर तो सुरक्षित आहे. वळणावर आणि वाळूवर मात्र एकदम दाबू नका. वळणाच्या आधीच वेग कमी करा.

घाट उतरताना वेग आधीच कमी ठेवा. ब्रेक सतत धरून न ठेवता लावा, सोडा, परत लावा. इंजिन बंद करून उतार उतरू नका. जळाल्याचा वास आला किंवा मूठ सैल वाटली तर कडेला थांबा आणि ब्रेक आपोआप थंड होऊ द्या. ओढा ओलांडल्यावर मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेक दोन-तीनदा हलकेच लावून बघा, म्हणजे आतलं पाणी सुकतं.

गॅरेजमध्ये विचारायचे पाच प्रश्न

काहीही नवीन बसवायचं म्हणाले तर हे विचारा. माझ्या आहे त्या ब्रेकमध्ये बिघाड नेमका काय आहे, उघडून दाखवाल का? हा भाग याच गाडीसाठी कंपनीनं केलेला आहे का? कॉम्बी ब्रेक चालू राहील का? आरटीओ आणि विमा याला मान्यता देतात का? आणि पक्कं बिल द्याल का? उत्तर नीट आलं नाही तर गाडी घेऊन सरळ घरी या. दुसरं गॅरेज मिळतं.

गटाच्या वहीत आपण बचत, हप्ता आणि व्याज लिहितो. त्यातच शेवटच्या पानावर गाडी असलेल्या सभासदांची नावं लिहा आणि पुढं लायनर, टायर, ब्रेक ऑइल कधी बदललं त्याची तारीख टाका. पुढच्या भागात आपण टायर कधी बदलावा आणि हेल्मेट निवडताना काय बघावं ते बोलू. तुमच्या गटात असा काही प्रश्न निघाला असेल तर केंद्रावर चिठ्ठी पाठवा. तोवर गाडी सावकाश चालवा, आणि उद्या सकाळी निघायच्या आधी दोन्ही मुठी एकदा दाबून बघा. नमस्कार.